शोधायचे पैसे

मंडळी, या शनिवारी जरा वेगळा विषय. कोड नाही, ऑफिस नाही, हिंजवडीचं ट्रॅफिक तर अजिबात नाही. विषय आहे गाडीच्या आत शिरणारं पाणी आणि त्यामुळे होणारे इलेक्ट्रिकल बिघाड. वाचायला किरकोळ वाटेल. पण ज्याच्या गाडीचे वायपर कडक उन्हात आपोआप फिरतात, किंवा जिचं सेंट्रल लॉक रात्री दोन वाजता स्वतःशीच खटखट करत बसतं, त्याला विचारून बघा. अर्धी सोसायटी त्याच्यावर खार खाऊन असते, आणि गाडीत भूत आहे असं त्याच्या आईचं मत झालेलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच कटता येईल. पाण्याने झालेल्या इलेक्ट्रिकल बिघाडात दुरुस्ती बहुतेक वेळा स्वस्त असते, महाग असतो तो शोध. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून पार्टचे पैसे मुकाट्याने देतो, पण शोधायचे पैसे द्यायची वेळ आली की घासाघीस करतो. परिणाम असा की आपल्याला पार्ट मिळत राहतात, बिघाड सापडत नाही.

आता उदाहरण अक्कलकोटचं देणार आहे. माझं आजोळ तिथलं. तुमच्यापैकी बरेच जण सोलापूर-तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर अशी ट्रिप गाडीने करून आलेले असतील. वटवृक्ष मंदिर, अन्नछत्राचा प्रसाद आणि परत. जे गेलेत ते लगेच म्हणतील, "अरे, तो तर दुष्काळी भाग! तिथे गाडीत पाणी कुठून शिरायला?" बरोबर आहे. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे आमचा दीड-पावणेदोन वर्षांचा कोटा त्यांनी एका दिवसात उरकला. कोकणातल्या माणसाने गाडीत पाणी शिरायची काळजी करावी, आम्ही कशाला?

गंमत म्हणजे गाडीला भोकं पाडायचं काम कोरडं हवामानच जास्त मन लावून करतं. बघा कसं.

एक तर ऊन. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आठवडेच्या आठवडे असतो. दारांचं रबरी बीडिंग, मागच्या दिव्यांमागचं गॅस्केट, अँटेनाच्या बुडाशी असलेलं रबर, हे सगळं वाळून कडक होतं आणि तडकतं. तडकलेलं रबर दिसायला तसंच दिसतं, फक्त पाणी अडवत नाही.

दुसरं, धूळ आणि पालापाचोळा. सावली दुर्मिळ, त्यामुळे जो तो गाडी लिंबाखाली लावतो. लिंबाची बारीक पानं पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत जातात. त्या जाळीखाली एक पन्हळ असते, पाणी गोळा करून दोन्ही बाजूंनी खाली सोडणारी. पानं आणि धूळ यांचा चिखल होऊन तिची भोकं बुजतात. ब्लोअरला बाहेरची हवा घ्यायचं तोंडही तिथेच असतं. पन्हळ भरली की पाणी त्या तोंडातून सरळ शेजारच्या सीटच्या पायाशी.

तिसरं, वॉशिंग सेंटर. पाऊस नाही म्हणून धूळ, आणि धूळ म्हणून दर पंधरा दिवसांनी गाडी धुवायला. तिथला पोऱ्या जेटचा फवारा जाळीत, बॉनेटखाली, दाराच्या फटीत, सगळीकडे मारतो. पाऊस वरून खाली पडतो, गाडी बनवणाऱ्यांनी तोच धरून सगळं आखलेलं असतं. जेटचं पाणी खालून वर आणि आडवंही जातं. शिवाय बोअरचं पाणी. त्यातले क्षार वाळल्यावर पांढऱ्या पुटाच्या रूपाने मागे राहतात.

आणि चौथं म्हणजे आमच्या पावसाचं वेळापत्रक. जून-जुलै बरेचदा नुसते ढग बघण्यात जातात. खरा पाऊस सप्टेंबरात, परतीचा, आणि तो आला की ओतल्यासारखा येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये असाच आला. बोरी नदीला पूर आला, अक्कलकोट तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं, पिकं आणि घरं गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने जिल्ह्यातल्या दुसऱ्या तालुक्यांची तशीच दशा केली. गाडीच्या रबराला दहा महिने कोणी परीक्षाच घेत नाही, आणि अकराव्या महिन्यात एकदम बोर्डाची.

असो. तर माझ्या मामाची गाडी. सहा-सात वर्षांची हॅचबॅक, चालवणारा एकटा मामा, मुक्काम अंगणात लिंबाखाली. २०२२ च्या सप्टेंबरात तिला झटके यायला लागले. आधी सेंट्रल लॉक. मग डावा इंडिकेटर कधी घाईघाईने टिकटिकायचा, कधी बंद. मग बॅटरी. सोमवारी लावलेली गाडी गुरुवारी स्टार्ट होईना. मामाने ती एका मोठ्या, एसी वेटिंग रूमवाल्या सर्व्हिस सेंटरला नेली. (नाव सांगत नाही, कारण ही काही एका दुकानाची गोष्ट नव्हे.) त्यांनी बॅटरी बदलली. दहा दिवसांनी परत तेच. मग त्यांनी लॅपटॉप लावला, स्क्रीनवर पाच-सहा कोड आले, आणि बॉडी कंट्रोल मोड्यूल बदलायला सांगितलं. हे मोड्यूल म्हणजे दिवे, लॉक, काचा, वायपर या सगळ्यांचा कारभारी. बिल काही हजारांत गेलं. मामाने मुकाट्याने भरलं. आणि गाडी चक्क नीट चालली! नोव्हेंबर ते मे, एक तक्रार नाही.

आता तुम्ही चाणाक्ष वाचक आहात, तुमच्या लक्षात आलंच असेल. नोव्हेंबर ते मे पाऊस नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात भूत परत आलं. या वेळी मामाने गावातल्याच वायरिंगवाल्याला बोलावलं. एसटी स्टँडच्या बाजूला टपरीवजा दुकान, बाहेर जुन्या बॅटऱ्या, आत एक मीटर आणि एक सोल्डरिंग गन. त्याने लॅपटॉप लावला नाही, कारण त्याच्याकडे नव्हता. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं आणि खालच्या कार्पेटवर पंजा दाबला. वर कोरडं होतं. दाबल्यावर खालून पाणी आलं.

"मालक, गाडी बिघडली नाय. गाडी वल्ली हाय."

मग त्याने मामाला आत बसवलं, हातात बॅटरी दिली (उजेडाची हो!), आणि स्वतः बाहेरून साधा नळाचा पाइप लावून एकेका जागी पाणी सोडत बसला. आधी खाली, मग थोडं वर, मग आणखी वर. प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं. पुढची काच झाली, दार झालं, काही नाही. शेवटी बॉनेट उघडून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर बेताने पाणी सोडलं, आणि आतून मामा ओरडला, "आलं रे आलं!"

झालं होतं असं, की कधीतरी अॅक्सेसरीच्या दुकानात फॉग लॅम्प बसवताना तिथल्या पोराने त्या पत्र्यातला मूळ रबरी बूच काढून टाकला होता, त्यातून तार आत ओढली होती आणि भोक तसंच सोडलं होतं. पाणी त्या तारेवरून ओघळत आत यायचं आणि खाली फ्यूज बॉक्सच्या मागच्या कनेक्टरवर थेंब थेंब पडायचं. दुरुस्ती काय? वीस रुपयांचा बूच, ज्याला गॅरेजवाले ग्रोमेट म्हणतात. तार आत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे थेंब बाहेरच गळून पडेल. कळकलेल्या सहा पिना बदलल्या. कार्पेट काढून गच्चीवर तीन दिवस उन्हात.

त्याने सातशे रुपये मागितले. आणि ज्या मामाने काही हजारांचं बिल हूं की चूं न करता भरलं होतं, तो म्हणाला, "अरे, एक रबर तर बसवलंस. सातशे कशाचे?"

वायरिंगवाला चिडला वगैरे नाही. म्हणाला, "रबराचे वीसच धरा की. सकाळपासून चार तास हितंच हाय, दोन गिऱ्हाईकं परत गेली." शेवटी पाचशेवर मिटलं. मामा वाईट माणूस नाही. आपण सगळे असेच वागतो, म्हणून तर लिहायला बसलो.

आता थोडं विज्ञान. ते कळल्याशिवाय पाण्याचा बिघाड इतका लबाड का असतो ते कळणार नाही.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. पण गाडीत शिरणारं पाणी धूळ, क्षार, मातीसकट येतं आणि त्यातून थोडी वीज वाहते. कनेक्टरमध्ये दोन पिनांमध्ये असं पाणी साचलं, आणि त्यातली एक पिन कायम बॅटरीला जोडलेली असली, तर गाडी बंद असतानाही थोडा करंट झिरपत राहतो. या झिरपण्यात बॅटरीच्या धन बाजूच्या पिनेचं तांबं विरघळत जातं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कसं कळकतं? तसंच हिरवं-निळं पूट पिनेवर चढतं. ते पूट वीज नीट जाऊ देत नाही. म्हणजे एकाच कनेक्टरमध्ये जिथे वीज जायला नको तिथे जाते, आणि जिथे जायला हवी तिथे अडते. मग लक्षणांचा मेळ कसा लागणार?

बॅटरीचं गणित सोपं आहे. गाडी उभी असताना घड्याळ, अलार्म वगैरेंसाठी जाणारा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची धरा. ओल्या कनेक्टरमुळे एखादं मोड्यूल झोपलंच नाही, किंवा एखादा रिले चिकटून राहिला आणि अर्धा अँपिअर जात राहिला, तर ७० तासांत बॅटरी पार रिकामी. सोमवारी लावली, गुरुवारी बंद. मामाच्या बॅटरीचा काही दोष नव्हता. तिचं रक्त कोणीतरी शोषत होतं.

आणखी एक लबाडी. पाणी पडतं एका जागी आणि त्रास देतं दुसऱ्या जागी. दिव्याच्या वातीत तेल चढतं, तसं तारेच्या बारीक धाग्यांमधून, प्लास्टिकच्या आवरणाच्या आत, पाणी हातभर पुढे सरकू शकतं. ते थेट मोड्यूलच्या पोटात पोचतं आणि बाहेरून तार कोरडी ठणठणीत दिसते.

शिवाय आताच्या गाड्यांत सगळी मोड्यूल्स एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली कॅन बस नावाची पद्धत आहे, पिळा घातलेल्या दोन तारा आणि त्यांवर सगळ्यांची बडबड. नेटवर्कवाल्यांना सांगायला नको, सामाईक वाहिनीवर एक जण बिनसला की सगळ्यांचा आवाज बिघडतो. त्यामुळे ओला असतो दाराजवळचा कनेक्टर, आणि स्क्रीनवर तक्रार येते भलत्याच तिघांची. स्क्रीनवरचा कोड सांगतो कोण रडतंय. चिमटा कोणी काढला ते सांगत नाही. (हौशी मंडळींसाठी: या दोन तारांच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात. बॅटरी काढून दोन तारांमध्ये मीटर लावला की साधारण ६० ओहम यायला हवेत. तसे आले नाहीत तर तारेतच काहीतरी गडबड आहे, मोड्यूलला लगेच दोष देऊ नका.)

आणि मग सकाळी-दुपारी बदलणारा बिघाड. रात्री गारव्याने ओल धरते, सकाळी गाडी नखरे करते, दुपारी उन्हात तापून कोरडी होते आणि गॅरेजला पोचेपर्यंत शहाण्या बाळासारखी वागते. "आमच्याकडे तर नीट चालतेय हो." हे वाक्य कुठे ऐकलंय? अगदी बरोबर, आपल्याच ऑफिसात.

पाणी येतं कुठून, याची ठिकाणं तशी मोजकी आहेत. यादी देऊन ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल.

१. काचेखालची पन्हळ तुंबलेली. लक्षण: पावसानंतर शेजारच्या सीटच्या पायाशी ओल, ब्लोअरला कुबट वास.

२. एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकायला हवं. ते ठिबकत नसेल आणि पाऊस नसताना आत ओल असेल, तर हीच.

३. दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा फाटलेला. दारात पाणी शिरणं नॉर्मल आहे, ते खालच्या भोकांतून जातं. पण स्पीकर बदलताना हा पडदा फाडला की ते केबिनमध्ये येतं.

४. सनरूफच्या नळ्या. सनरूफ म्हणजे छताला ठेवलेलं भोकच. त्यात शिरणारं पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली नेलेलं असतं. नळी तुंबली की पाणी खांबांतून उतरून वायरिंगवर.

५. बदललेली पुढची काच, जर घाईत चिकटवली असेल तर.

६. मागचे दिवे आणि डिकीचं बीडिंग. स्टेपनीच्या खड्ड्यात तळं साचलेलं दिसतं.

७. आणि आमचे लाडके अॅक्सेसरीवाले, ज्यांनी पाडलेली भोकं कोणत्याही नकाशात नसतात.

ओल चिकट, गोडसर वासाची असेल तर ते पावसाचं पाणी नव्हे, कूलंट आहे, हीटरचा पाइप गळतोय. तेवढं ओळखलं तरी दोन दिवस वाचतात.

हे काही फक्त गावठी गॅरेजांचं दुखणं नाही बरं का. ऑक्टोबर २०१३ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे ८,८५,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. कारण? कोळी. एसीच्या पाण्याच्या नळीत कोळी जाळं करायचे, नळी तुंबायची, पाणी एअरबॅगच्या मोड्यूलवर टपकायचं, शॉर्ट व्हायचं. एअरबॅग भलत्या वेळी उघडायची शक्यता होती. उपाय काय केला? पाणी त्या मोड्यूलपर्यंत पोचूच नये म्हणून जोडावर सीलंट आणि वर झाकण. नुसती नवी मोड्यूल्स बसवत राहिले असते तर कोळ्यांनी तीही भिजवली असती.

दुरुस्तीचा क्रमही यातूनच ठरतो. आधी बॅटरीची ऋण बाजूची तार काढायची. मग पाण्याचा मार्ग शोधून बंद करायचा. मग सुकवायचं, आणि तेही कार्पेट उचलूनच, कारण त्याच्या खालचा फोम लिटरच्या लिटर पाणी धरून ठेवतो, वर नुसतं फडकं फिरवून काही होत नाही. आमच्याकडचं ऊन इथे कामाला येतं. मग कनेक्टर उघडून, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, खाल्लेल्या पिना बदलायच्या. आणि हे सगळं झाल्यावर, जे अजून चालत नसेल ते बदलायचं. नेहमी होतं नेमकं उलटं.

दोन सावधगिऱ्या. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका, मीटर तर अजिबात लावू नका. ते एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात. १ जुलै २०१९ पासून स्वस्तातल्या नव्या गाडीतही निदान चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे "आपल्या गाडीत नसेल" असं धरून चालू नका. सीट काढायची तर बॅटरी काढून थोडा वेळ थांबून, आणि माहीतगार माणसाकडूनच. दुसरं, कनेक्टरजवळ साधं सिलिकॉन थापू नका. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना अॅसिड सोडतं आणि तांबं खातं. गळती बुजवताना नवीन बिघाड पेरला जातो.

हे झालं तंत्र. आता मूळ भांडणाकडे येतो.

सर्व्हिस सेंटरमधला तरुण काही मुद्दाम फसवत नसतो. त्याच्या बिलाच्या फॉर्मवर पार्टचा रकाना असतो, ठरलेल्या कामाच्या मजुरीचा रकाना असतो. "चार तास पाइप लावून बसलो" याला धड रकाना नसतो. असला तरी गिऱ्हाईक म्हणतं, "चेक करायचे पैसे? आधी नीट तर करा!" मग तो काय करेल? ज्याचे पैसे मिळतात तेच करेल. कोड वाचेल, मोड्यूल बदलेल. गावातल्या वायरिंगवाल्याचं तर त्याहून वाईट. त्याच्याकडे रकानाच नाही, तोंडी हिशेब. त्याचा शोध हा त्याने फुकट द्यायचा प्रसाद, आणि कमाई काय ती वीस रुपयांच्या रबरावर.

आणि हे आपण करावं? आपण, ज्यांचं पोटच शोधायच्या पैशांवर चालतं? आपण टाइमशीटमध्ये "इश्यू इन्व्हेस्टिगेशन, ६ तास" असं सरळ लिहितो. सहा तासांनी एक ओळ बदलतो. परदेशातला क्लायंट डॉलरमध्ये बिल भरतो आणि "एकच ओळ बदलली, सहा तास कशाचे?" असं विचारत नाही. विचारलं तर आपल्याला किती राग येईल! मग शनिवारी गॅरेजच्या दारात उभे राहून आपण नेमकं तेच विचारतो.

आपल्याकडे मेमरी लीक झालेला सर्व्हर असतो. रोज रात्री क्रॉन लावून तो रीस्टार्ट करणं म्हणजे दर पावसाळ्यात बॅटरी बदलणं. चालतं, दिवस ढकलले जातात. पण त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत हे आपल्यालाही ठाऊक असतं.

याला विरोधी मुद्दे आहेत आणि ते खरे आहेत. पहिला: शोध म्हणजे उघडं चेकबुक. मिस्त्रीने दिवसभर शोधलं आणि सापडलंच नाही तर? यावर उपाय आपल्याच धंद्यात आहे. आधी हद्द ठरवा. "तीन तास शोध, तेवढ्याचे अमुक रुपये, सापडो न सापडो. नाही सापडलं तर काय काय तपासलं ते सांग." निदान पुढच्याला तिथून सुरुवात करता येते.

दुसरा: काही वेळा मोड्यूल खरंच बदलावं लागतं. नक्कीच. एअरबॅगचं किंवा ब्रेकच्या एबीएसचं मोड्यूल भिजलं असेल तर साफ करून जुगाड करू नये, नवीनच घालावं. पुरात डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी तर वेगळंच प्रकरण, तिथे पाणी कुठून आलं हा प्रश्नच नसतो. माझा आक्षेप बदलण्याला नाही. पाणी कुठून आलं ते न शोधता बदलण्याला आहे.

तिसरा: "इन्शुरन्स आहे ना!" इथे जरा थांबा. पुराने झालेलं नुकसान तुमच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात येतं. (बुडालेली गाडी स्टार्ट मारून इंजिनात पाणी ओढलंत तर इंजिनासाठी वेगळं कव्हर लागतं, तो आणखी निराळा धडा.) पण झीज आणि यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड या पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेले असतात. तडकलेल्या रबरातून थेंब थेंब आलेलं पाणी कुठल्या खात्यात टाकलं जाईल ते तुम्हीच ओळखा. म्हणजे हा खर्च आपल्याच खिशातून जाणार. कमीत कमी तो योग्य जागी तरी जाऊ दे.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. आपण पुण्या-मुंबईत, आणि आईवडील, मामा-काका गावाकडे. त्यांच्या गाड्यांत आता वीस-वीस मोड्यूल्स. कॉम्प्युटरने सांगितलं म्हटल्यावर ते वाद घालत नाहीत, पैसे भरून मोकळे होतात. आणि गावात जो एक माणूस हात दाबून ओल शोधू शकतो, तो आपल्या पोराला सांगतोय की या धंद्यात काही राहिलं नाही. त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही. चार तासांच्या कामाला आपण पाचशेवर आणतो, मग त्याच्या पोराने पाना का धरावा?

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. पुढच्या वेळी गाडीत इलेक्ट्रिकल भूत शिरलं आणि कोणी पार्टचं नाव सांगितलं, की एकच प्रश्न विचारा: "पाणी कुठून आलं ते सापडलं का?" उत्तर नाही असेल तर पार्ट थांबवा आणि शोधाचे पैसे आधी कबूल करा, आकडा सांगून. घरच्यांनाही फोनवर हा प्रश्न शिकवून ठेवा. आणि ज्याला सापडेल त्याच्याशी रबराच्या किमतीवरून घासाघीस करू नका.

पावसाळ्याआधी काचेखालची जाळी साफ करून घ्या, पायाखालच्या कार्पेटवर एकदा पंजा दाबून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते फुकट आहे.

पटलं तर करून बघा. पुढच्या शनिवारी परत कोडकडे वळू. :)